आमच्या वाटेवरचा आडवा बांबू

२०२४ सालच्या १४ ऑक्टोबरला रात्री बारा वाजता मुंबईच्या पाच वेशी मोटारगाड्यांना मोकळ्या झाल्या. वाशी, ऐरोली, दहिसर आणि मुलुंडचे दोन, अशा पाच नाक्यांवर हलक्या वाहनांना टोल माफ करण्याचा निर्णय राज्याच्या मंत्रिमंडळाने त्याच दिवशी घेतला होता. दुसऱ्या दिवशी, १५ तारखेला, विधानसभेच्या निवडणुकीचा कार्यक्रम जाहीर झाला. योगायोगांना आपल्या राज्यात कधीच तोटा नसतो, तेव्हा त्याविषयी अधिक न बोललेले बरे. ठाण्याहून मोटारीने मुंबईला जाणाऱ्या माणसाचे पंचेचाळीस रुपये वाचले, याचे मला वाईट वाटत नाही. वाईट वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. टोल घेण्यास ज्या एका ठिकाणी काही शहाणपणाचे कारण दाखवता आले असते, त्याच ठिकाणी तो उठवला. आणि आमच्या यवतमाळ जिल्ह्यासारख्या मुलखात, जेथे तसले कोणतेच कारण लागू पडत नाही, तेथे तो दर १ एप्रिलला वाढवून वसूल केला जात आहे.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर. अर्थशास्त्राची जाडी पुस्तके माझ्या वाट्याला आली नाहीत. पण त्रैराशिक, शेकडेवारी आणि सरळव्याज मुलांना शिकवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली, आणि टोलचे सारे शास्त्र या तिहींच्या बाहेर जात नाही अशी माझी खात्री आहे. कादंबऱ्याही लिहितो; परंतु त्या विद्येचा येथे उपयोग नाही. नाक्यावर घडणाऱ्या गोष्टी जशाच्या तशा कादंबरीत घातल्या तर टीकाकार त्यांना अतिरंजित म्हणतील.

आधी विरुद्ध पक्षाचे जे खरे आहे ते देऊन टाकतो. रस्त्याचे पैसे मागणे हे मुळातच पाप आहे, असे मी मानीत नाही. १९७५ साली सिंगापूरने शहराच्या मध्यभागी गर्दीच्या वेळी येणाऱ्या मोटारींना परवाना विकत घ्यायला लावला; काचेवर कागद चिकटवायचा आणि मगच आत शिरायचे. लंडनने २००३ मध्ये पाच पौंड लावले. स्टॉकहोमने २००६ मध्ये काही महिने प्रयोग करून पाहिला, मग लोकांचे मत घेतले आणि पुढच्या वर्षी शुल्क कायम केले. न्यूयॉर्कने २०२५ च्या ५ जानेवारीपासून मॅनहॅटनच्या दक्षिण भागात शिरणाऱ्या मोटारीला दिवसाच्या वेळी नऊ डॉलर लावले. याला गर्दीशुल्क म्हणू या. यामागचा विचार सरळ आहे. तुंबलेल्या रस्त्यावर मी माझी मोटार आणखी घातली, तर मागच्या शंभर जणांचा वेळ मी खातो. तो वेळ फुकट का म्हणून खायचा? ज्याला अगदी मोटारच हवी त्याने दाम मोजावा, इतरांनी आगगाडीने, बसने जावे. लंडनच्या कायद्याने तर हे पैसे वाहतुकीवरच खर्च करण्याचे बंधन घातले, आणि न्यूयॉर्कचे पैसे तिथल्या भुयारी गाड्या आणि बसगाड्यांसाठी राखून ठेवले आहेत.

हे मला पटते. पण या विचाराचा पाया काय, हे पाहिले पाहिजे. रस्त्यावर गर्दी असली पाहिजे आणि माणसाला जायला दुसरी वाट असली पाहिजे. मुंबईत दोन्ही आहे. तेथे गर्दी किती, हे मी यवतमाळकराने सांगायला नको. आणि लोकलगाडी आहे, बेस्टची बस आहे, आता मेट्रोही आहे. मुंबईच्या नाक्यांवरचा टोल गर्दीसाठी बसवलेला नव्हता, उड्डाणपुलांचा खर्च काढण्यासाठी बसवला होता, हे खरे. तरी पण त्याचे रूप बदलून त्यातून बसगाड्या वाढवता आल्या असत्या. तसे न करता मोटारवाल्यांना दरवाजा उघडून दिला आणि मालाच्या जड गाड्यांचा टोल चालूच ठेवला. माफी झाली म्हणजे पैसा हवेत विरत नाही. ठेकेदाराशी करार झालेला असतो. कोणी तरी तो भरणारच. तिजोरी भरील, नाही तर मालाची गाडी भरील; आणि तिजोरीत आमच्या घाटंजी-झरीच्या माणसाचाही पैसा असतो. मुंबईच्या वेशीवर ज्याने उभ्या जन्मात पाऊल ठेवले नाही, तोही त्या माफीचा वाटेकरी आहे. घेणारा नव्हे, देणारा.

आता आमच्याकडे या. नागपूर-हैदराबाद रस्ता, पूर्वीचा ७ क्रमांकाचा आणि आताचा ४४ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग, आमच्या जिल्ह्यातून वडकी, करंजी, पांढरकवडा, पाटणबोरी असा खाली उतरतो. पुढे पैनगंगा ओलांडली की तेलंगण. केळापूरला त्याच्यावर टोलनाका आहे. जगदंबेच्या नवरात्राला जेथे सारा मुलूख लोटतो, ते हे केळापूर. दुसरा मोठा रस्ता नागपूरकडून तुळजापूरला जाणारा, कळंब, यवतमाळ, आर्णी, महागाव, उमरखेड असा. नाके त्याच्यावरही आहेत. आणि ज्या समृद्धी महामार्गाचा एवढा डंका वाजला, तो ७०१ किलोमीटरचा रस्ता वर्धा, अमरावती, वाशीम असा आमच्या डोक्यावरून गेला. जिल्ह्याला त्याने शिवलेसुद्धा नाही. (त्याचा टोल आम्हाला द्यावा लागत नाही, हे समाधान.)

या रस्त्यांवर कोणती गर्दी आहे, की जी टोल लावून पांगवायची? आणि पांगून जायचे तरी कोठे? नव्या रस्त्यासाठी जुना रस्ता शिल्लक ठेवलेला नाही. जुन्यालाच रुंद करून नवा झाला. ज्या वाटेने आमचे आजे छकडे हाकीत गेले, त्याच वाटेवर आता आडवा बांबू आहे. आगगाडी म्हणावी, तर आमच्या यवतमाळला शकुंतला होती. किलिक निक्सन या इंग्रज कंपनीने इथला कापूस बंदराकडे नेण्यासाठी बांधलेली, यवतमाळ ते मूर्तिजापूर अशी सुमारे ११३ किलोमीटरची अरुंद लोहवाट. १९९४ पर्यंत तिला मँचेस्टरचे वाफेचे इंजिन ओढीत होते. स्वातंत्र्य मिळाले, देशभरच्या आगगाड्या सरकारच्या झाल्या, तरी ही वाट खाजगी कंपनीच्याच नावावर राहिली आणि सरकार तिच्या वापराबद्दल कंपनीला पैसे मोजीत राहिले. आता ती धावत नाही. वर्धा-यवतमाळ-नांदेड या मार्गाचे काम मंजूर होऊन दीड दशक उलटल्यावर २०२४ च्या २८ फेब्रुवारीला त्यातला वर्धा ते कळंब एवढा तुकडा सुरू झाला. म्हणजे कंपनीच्या वाटेवर आम्ही शंभर वर्षे काढली. ती वाट मोडली, तेव्हा डांबरी रस्ता उरला. आणि त्याच्यावर पुन्हा नाका आला. लंडनच्या मोटारवाल्याला लावायचे शास्त्र या माणसाला लावता येईल काय? त्याच्यापुढे निवड करायला आहेच काय? निवड असेल तर ती किंमत. नसेल तर तो दंड. करंजीला राहिल्याचा दंड, पाटणबोरीला जन्मल्याचा दंड.

यावर एक उत्तर ठरलेले आहे, आणि ते आमच्या नागपूरच्याच मंत्रिमहोदयांच्या तोंडून आम्ही पुष्कळदा ऐकले आहे. चांगला रस्ता हवा ना? मग पैसे मोजा. ठीक. पण हा प्रश्न काल निघालेला नाही. १९२७ साली हिंदुस्थान सरकारने रस्त्यांच्या सुधारणेसाठी एक समिती नेमली आणि तिचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर. तेच, जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. रस्त्यांचा पैसा कोठून आणायचा, हाच त्यांच्यापुढचा सवाल होता. त्यांनी जागोजागी नाके उभारायला सांगितले नाही. पेट्रोलवर जादा कर बसवा आणि तो रस्त्यांसाठीच वेगळा ठेवा, असे सांगितले. १९२९ च्या मार्चपासून गॅलनमागे दोन आणे जादा घेऊन रस्त्यांचा मध्यवर्ती निधी सुरू झाला. किती सरळ न्याय! जो जास्त चालतो तो जास्त पेट्रोल जाळतो, तो जास्त देतो. कोठे थांबायला नको, पावती नको, बांबू नको, वसुलीवर माणसे नकोत. तो कर पुढे उठला काय? मुळीच नाही. २००० साली त्यासाठी नवा कायदा झाला आणि पेट्रोल-डिझेलवरचा रस्त्याचा उपकर आजही आपण लिटरागणिक देतो. गाडी घेताना राज्याचा वाहनकर देतो तो निराळा. म्हणजे जयकरांच्या औषधाचे पैसेही घ्यायचे आणि नाक्यावर शस्त्रक्रियाही करायची, असा हा प्रकार आहे.

आणि रस्ते काय केवळ पैशाने झाले? १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राच्या किती रस्त्यांची खडी बायामाणसांनी हातांनी फोडली! तेव्हा मुख्यमंत्री आमच्याच जिल्ह्यातले, पुसदचे वसंतराव नाईक होते. कडेवरचे मूल झाडाखाली फडक्यावर ठेवायचे आणि दिवसभर हातोडी चालवायची. संध्याकाळी मोजमाप, आणि आठवड्याला मजुरी. त्या रस्त्यांचे भांडवल कोणी मांडले? त्या बाईच्या नातवाला नाक्यावर तिच्या नावाची सूट नाही.

सूट कोणाला आहे? नियमांत यादी आहे. राष्ट्रपती, राज्यपाल, मंत्री, न्यायाधीश, खासदार, आमदार अशी ती लांबलचक आहे. लोकांनी निवडून दिलेला माणूस लोकांच्या रस्त्यावरून फुकट जातो आणि लोक पैसे देतात, ही व्यवस्था ज्याला सुचली त्याच्या विनोदबुद्धीला तोड नाही. बैलगाडी, ट्रॅक्टर आणि दुचाकी यांनाही सोडले आहे, हे मी नमूद करतो, नाही तर अन्याय होईल. पण लांब पल्ल्याच्या बाजाराला आता बैलगाडी जात नाही. कापूस टेम्पोत भरून जातो. आमच्या वडकीकडच्या शेतकऱ्याला हिंगणघाटचा बाजार जवळचा आणि बरा. पण ते वर्धा जिल्ह्यात. जिल्ह्यात नोंदलेल्या मालगाडीला आपल्या जिल्ह्याच्या नाक्यावर निम्म्या दराची सवलत आहे, ती हद्द ओलांडताच संपते. नाक्यापासून वीस किलोमीटरच्या आतल्या रहिवाशाला मासिक पास मिळतो, पण तो घरच्या मोटारीला. भाड्याच्या टेम्पोला नाही.

२०२५ च्या १५ ऑगस्टपासून आणखी एक वार्षिक पास निघाला. तीन हजार रुपये भरा आणि राष्ट्रीय महामार्गावरचे दोनशे नाके ओलांडा. त्रैराशिक मांडा: एका नाक्याला पंधरा रुपये पडले. दिवस स्वातंत्र्याचा निवडला होता. स्वातंत्र्य मात्र खाजगी मोटार, जीप आणि व्हॅन यांनाच होते. कापसाच्या टेम्पोला नाही, भाजीच्या गाडीला नाही, आणि, वाचकहो, एस. टी.लाही नाही. मुंबईच्या वेशीवर जी बुद्धी दिसली तीच येथेही दिसते. ज्याच्या दारात मोटार आहे तो ओरडू शकतो, वर्तमानपत्रात लिहू शकतो. त्याचे तोंड आधी बंद करा. टेम्पोत मागे कापसाच्या गंजीवर बसलेला माणूस कोणाकडे जाऊन ओरडणार?

आता दराचे गणित पाहा. २००८ च्या नियमांत पाया धरला तो मोटारीला किलोमीटरमागे ६५ पैसे, हलक्या मालगाडीला १ रुपया ५ पैसे, बस आणि ट्रकला २ रुपये २० पैसे. त्यावर दरवर्षी तीन टक्के वाढ, सरळव्याजाने. चक्रवाढ लावली नाही, याबद्दल आभार मानू. २००८ च्या १ एप्रिलपासून २०२५ च्या १ एप्रिलपर्यंत अठरा वाढी होतात. अठरा त्रिक चोपन्न. पासष्ट पैशांवर चोपन्न टक्के म्हणजे बरोबर एक रुपया. ही वाढ महागाईची नाही बरे! महागाई वाढो न वाढो, ही व्हायचीच. घाऊक किमती जेवढ्या वाढतील त्याचा चाळीस टक्के हिस्सा या रुपयावर पुन्हा चढतो. कापसाच्या भावाला असा नियम कोणी लावून दिला असता तर माझ्या शाळेतली निम्मी मुले वेचणीच्या दिवसांत वर्गात दिसली असती.

बरे, हे किती दिवस चालायचे? त्याच नियमांत एक कलम होते. खर्च वसूल झाला, ठेक्याची मुदत सरली, की दर चाळीस टक्क्यांवर आणायचा. निदान शेवट तरी कागदावर दिसत होता. २०२३ साली नियम बदलून ती कपात काढून टाकली. रस्त्याचे कर्ज फिटले तरी हप्ता चालू. सावकारी पाशाच्या गोष्टी आम्ही मुलांना इतिहास म्हणून शिकवतो. त्या सावकाराच्या वहीतसुद्धा मुद्दल फिटल्याची नोंद होण्याला जागा असे.

२०२१ च्या फेब्रुवारीत फास्टॅग सक्तीचा झाला. काचेवर चिप्पी नसेल, किंवा चिप्पीत पैसे नसतील, तर दुप्पट. २०२५ च्या १५ नोव्हेंबरपासून यात थोडी दया आली: मोबाईलवरून दिले तर सव्वापट, रोख दिले तर दुप्पटच. गेल्या हंगामात आमच्या गावच्या एका टेम्पोत मी बसलो होतो. कोणता नाका ते सांगत नाही. त्याने काही फरक पडत नाही. यंत्राने चिप्पी वाचली आणि शिल्लक अपुरी असे दाखवले. चालकाने रोख नोटा पुढे केल्या, त्या दुप्पट मागितल्या गेल्या. मागे भोंगे सुरू झाले. त्याने दिल्या. पुढे दोन मैल गेल्यावर मला म्हणाला, "गुरुजी, पैसे त माह्या हातातच होते ना! मंग दंड कायचा?" भारत सरकारच्या शिक्क्याची नोट दिली म्हणून भारत सरकारच्या रस्त्यावर दंड होतो, हे त्याला मी कोणत्या पाठ्यपुस्तकातून समजावणार होतो? तो जादा पैसा त्याने भाड्यात धरला आणि ते भाडे कापूसवाल्याने दिले. टोल गाडीवर लागतो असे म्हणतात. लागतो तो गाडीतल्या मालावर, आणि मालावर म्हणजे ज्याला आपल्या मालाचा भाव ठरवता येत नाही त्याच्यावर. व्यापारी पुढच्याकडून काढील. शेतकऱ्याच्या पुढे कोणी नाही.

असे पूर्वी कोठे झाले आहे काय? झाले आहे, आणि खुद्द इंग्रजांच्या घरी. वेल्समध्ये एकोणिसाव्या शतकात खाजगी मंडळे रस्त्यांवर फाटके लावून वसुली करीत. शेतात टाकायचा चुना आणायला शेतकऱ्याला दोन-दोन, तीन-तीन फाटके ओलांडावी लागत. १८३९ पासून १८४३ पर्यंत तेथल्या शेतकऱ्यांनी रात्री बायकांचे वेष घालून, 'रिबेका' हे नाव घेऊन, ती फाटके फोडली. सरकारने सैन्य पाठवले, चौकशीही नेमली. आणि १८४४ च्या कायद्याने मंडळे एकत्र केली, चुन्याच्या गाडीचा दर निम्मा केला. १८९५ पर्यंत ब्रिटनमधले शेवटचे असे फाटकही गेले. जे त्यांनी घरी मोडीत काढले ते आम्ही विसाव्या शतकाच्या अखेरीस नवी सुधारणा म्हणून आणले. १९९६ मध्ये राज्याचे रस्ते विकास महामंडळ निघाले, बांधा-वापरा-हस्तांतर करा हा मंत्र आला, पुणे-मुंबई द्रुतगती रस्ता झाला. तो रस्ता उत्तम आहे, आणि जुना घाटरस्ता अजून शिल्लक आहे, म्हणून त्याच्याविषयी माझी तक्रार कमी.

फोडाफोडी करा, असे मी मास्तर माणूस सांगणार नाही. कोल्हापूरकरांनी शहरातल्या रस्त्यांवरच्या टोलविरुद्ध वर्षानुवर्षे लढा दिला, एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारखी माणसे रस्त्यावर उतरली, आणि २०१५ च्या डिसेंबरात सरकारने तो टोल रद्द झाल्याचे जाहीर केले. पानसरे तो दिवस पाहायला उरले नव्हते. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत त्यांचा खून झाला होता. न्यायालयाचा मार्गही आहे. केरळात पालियेक्करा येथे रस्त्याची दैना झाली असता उच्च न्यायालयाने २०२५ च्या ऑगस्टमध्ये टोल थांबवला. त्याविरुद्धचे अपील सर्वोच्च न्यायालयाने फेटाळले, आणि त्या पीठावर सरन्यायाधीश होते आमच्या शेजारच्या अमरावतीचे भूषण गवई. दुरुस्त्या झाल्यावर वसुली पुन्हा सुरू झाली, हेही सांगतो. पण खड्ड्यांचे पैसे मागता येत नाहीत एवढे तरी त्यामुळे ठरले.

माझी मागणी यापेक्षा लहान आहे आणि कोणालाही समजेल अशी आहे. प्रत्येक नाक्यावर सूट असलेल्या थोरांची नावे लिहायला जर मोठा फलक परवडतो, तर त्याच्या शेजारी दुसरा लावा: या रस्त्याला खर्च किती आला, आजपर्यंत वसूल किती झाले, राहिले किती. मराठीत लिहा, चालकाला वाचता येईल एवढ्या अक्षरांत. खर्च फिटल्यावरची चाळीस टक्क्यांची अट परत आणा. शेतमाल नेणाऱ्या छोट्या गाडीला खाजगी मोटारीसारखाच वार्षिक पास द्या. आणि सुरुवात एस. टी.पासून करा. राज्य सरकारने २०१५ च्या ३१ मेच्या मध्यरात्री आपले बारा नाके बंद केले, आणखी त्रेपन्न नाक्यांवर मोटारींबरोबर एस. टी.ला माफी दिली. त्याने राज्य बुडाले नाही. केंद्राच्या नियमांतल्या सूटयादीत खासदार आहेत, आमदार आहेत, पण लाल बस नाही. त्या यादीत एक ओळ वाढवायची आहे. दर १ एप्रिलला वाढतात, त्याच्या आत वाढवता येईल. आमच्या जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींनी तेवढा एक अर्ज लिहावा, हस्ताक्षर वाईट असेल तर मी लिहून देतो.